शहरातील शेती आणि शहराचा ओला कचरा

बृहन्मुंबईचे क्षेत्रफळ सुमारे ६०३ चौरस किलोमीटर, म्हणजे साठ हजार हेक्टर. यावरच्या इमारती, रस्ते आणि रूळ बाजूला सारून सगळीकडे भात लावला आणि हेक्टरी दोन टन तांदूळ निघाला, तरी २०११च्या जनगणनेतील १ कोटी २४ लाख लोकांच्या वाट्याला वर्षाकाठी माणशी दहा किलोही येत नाही. जेमतेम महिन्याभराचा शिधा. महानगराने स्वतःचे धान्य पिकवण्याची कल्पना एवढ्या हिशेबातच संपते. शहरी शेतीची बाजू मांडायची ती दुसऱ्या आधारावर: रोज लागणारी नाशवंत भाजी, अंडी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे घराघरांतून निघणारा ओला कचरा.

जनावरे मुंबईला नवी नाहीत. वस्तीत म्हशींचे गोठे होते, दूध दाराशी मिळे आणि शेण गटारात जाई. ही घाण हटवण्यासाठी दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९मध्ये आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. आरोग्याच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. पुढे १९७६च्या राज्य कायद्याने नागरी भागात गुरे पाळण्यावर परवान्याचे बंधन आले. मात्र या साऱ्यातून प्रशासनात एक दृष्टी घट्ट बसली: शहरातले जनावर म्हणजे केवळ उपद्रव. शेण आणि लेंडी यांचे खत होते, उरलेसुरले खाऊन कोंबडी अंडे देते, हा भाग नजरेआड झाला. उष्टे-खरकटे आणि भाजीचे देठ १९२७पासून वापरात असलेल्या देवनारच्या कचराभूमीकडे जात राहिले. हवेविना कुजणाऱ्या अशा ढिगांत मिथेन तयार होतो आणि तो आगीला खाद्य पुरवतो. जानेवारी २०१६मध्ये देवनारला लागलेल्या आगीचा धूर मुंबईकरांनी कित्येक दिवस श्वासातून घेतला.

मुंबईत डोळ्यांना सर्वाधिक दिसणारी शेती रेल्वेमार्गांच्या कडेची. ‘अधिक धान्य पिकवा’ या जुन्या धोरणानुसार रेल्वेने रुळांलगतचे पट्टे आपल्या कर्मचाऱ्यांना लागवडीस दिले. तिथे माठ, पालक, मुळा, भेंडी पिकली. माठ-पालक तीन-चार आठवड्यांत काढणीला येतात, म्हणून अशा अरुंद पट्ट्यावरही पोट भरते. अडचण पाण्याची. नाल्याचे सांडपाणी उपसून घातले की शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू मातीत साठतात. फळभाज्यांपेक्षा पालेभाज्या ते अधिक शोषून घेतात, आणि पेशींत गेलेला धातू धुऊन निघत नाही. ग्राहकाची भीती त्यामुळे रास्तच आहे, पण दोष पिकवणाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे. उद्या जमीन हातची जाईल अशी टांगती तलवार असताना स्वच्छ पाण्याची सोय कोण करील? मुदतीची हमी आणि प्रक्रिया करून तपासलेले पाणी या दोन गोष्टी जमिनीच्या मालकाने आणि पालिकेनेच द्यायच्या आहेत. त्याऐवजी मळे उठवण्याचा मार्ग सोपा वाटतो. त्याने नाला मात्र स्वच्छ होत नाही.

गच्चीचा प्रश्न वेगळा. ओली माती घनमीटरला दीड टनाहून जड. तिचा फूटभर थर म्हणजे चौरस मीटरला साडेचारशे किलो, आणि वापरातली गच्ची भारतीय मानकानुसार साधारण दीडशे किलोचा वापरभार धरून बांधलेली असते. यावरचे उत्तर महाराष्ट्रातच सापडले. तासगावच्या द्राक्षबागायतदारांबरोबर काम केलेले, प्रयोग परिवाराचे प्रवर्तक श्री. अ. दाभोलकर यांनी कमी माती आणि भरपूर कुजलेला पालापाचोळा यांवर भर दिला. या विचाराचा आधार घेऊन मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२मध्ये बाग सुरू केली. रसवंतीगृहातली उसाची चिपाडे, वाळलेली पाने आणि त्याच स्वयंपाकघराचा ओला कचरा असे तिथले माध्यम. कचरा जिथे निघाला त्याच इमारतीत जिरला, हे त्या बागेचे खरे मोल. किती किलो भाजी निघाली ही बाब दुय्यम.

कचऱ्याच्या या फेऱ्यात कोंबडी चपखल बसते. तिला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य लागते, त्यातला काही वाटा स्वयंपाकघरातल्या उरलेल्या अन्नातून भागतो. नुसत्या खरकट्यावर मात्र अंडी मिळत नाहीत. विष्ठेत नत्र भरपूर असते, पण ती ताजी घातली तर रोप करपते. कोरड्या पानांबरोबर कुजवूनच ती वापरावी लागते.

धोकेही खरे आहेत. फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला आणि लाखो पक्षी मारावे लागले. म्हणून दाट वस्तीत संख्या मोजकी हवी, खुराडे जाळीबंद आणि कोरडे हवे, मानमोडीची लस वेळेवर टोचलेली हवी, मेलेला पक्षी कचऱ्यात न टाकता पशुवैद्यकाला कळवायला हवे. पहाटे आरवणारा कोंबडा अंड्यांसाठी लागत नाही; तो वगळला की शेजाऱ्यांची मोठी तक्रार मिटते. शेळीला चारा आणि मोकळी जागा लागते, शिवाय कचऱ्यातले प्लास्टिक तिच्या जिवावर बेतते. तिची जागा गच्चीवर नाही, शहराच्या कडेच्या वस्त्यांत आहे. पाच कोंबड्यांचे खुराडे आणि पन्नास म्हशींचा गोठा यांना एकच फूटपट्टी लावणे चूक आहे. घरगुती संख्येपुरती साधी नोंदणी, वर्षातून एकदा पशुवैद्यकीय तपासणी आणि विष्ठा कुजवण्याची सक्ती एवढ्या अटींवर पालिकांनी अशा खुराड्यांना रीतसर मान्यता द्यावी.