संशय आणि साक्ष



१ जुलै २०१८ रोजी आपल्याच खानदेशातील राईनपाडा (ता. साक्री) येथे, आठवडे बाजाराच्या दिवशी, जमावाने पाच माणसे ठार मारली. मंगळवेढ्याकडून पोटासाठी आलेले ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून त्यांना मारण्यात आले.

सूरह अल-हुजुरातच्या सहाव्या आयतीत अविश्वसनीय माणसाच्या खबरेची शहानिशा करण्याची आज्ञा आहे. ती आज्ञा कोणी आठवली असती, तर पाच घरे उद्ध्वस्त झाली नसती.

तुम्ही म्हणाल, ते निरपराध होते. पण खरा खुनी हाती लागला तर? प्रश्न रास्त आहे. मात्र तो खरा खुनी आहे, हे ठरविणार कोण? राईनपाड्याच्या जमावालाही तशीच खात्री होती.

इ.स. ६४४ मध्ये मदिनेत हजरत उमर (रजि.) नमाजमध्ये खंजिराच्या वारांनी शहीद झाले. हल्लेखोराने आत्महत्या केली. हुरमुझानला त्याच्याशी कुजबुजताना व त्यांच्याजवळ तो खंजीर पाहिल्याची वार्ता कानी येताच खलिफांचे पुत्र उबैदुल्लाह यांनी हुरमुझानला ठार केले. हल्लेखोराच्या मुलीलाही सोडले नाही. त्यांचा शोक खरा होता, संशयालाही धागा होता. परंतु चौकशी झाली नव्हती. हजरत अली (रजि.) यांनी किसासचा आग्रह धरला. नवे खलिफा हजरत उस्मान (रजि.) यांनी अखेर स्वतःच्या संपत्तीतून रक्तमूल्य दिले. त्या निवाड्यावर विद्वानांत चर्चा आहे. पण खलिफाच्या पुत्रानेही सांडलेल्या रक्ताचा हिशेब मागितला गेला, हे विसरता येत नाही.

न्यायालयात विलंब होतो, ही तक्रार खरी आहे. तिच्यासाठी अर्ज करा, वकील द्या, साक्षीदाराला धीर द्या. उशिरा लागलेला निकाल वरच्या न्यायालयात सुधारता येतो. मेलेला माणूस परत येत नाही.

आपल्या समाजाने जमावाचा मार सोसला आहे. म्हणूनच आपल्या मोहल्ल्यात कोणी अनोळखी, कोणत्याही धर्माचा, संशयाने पकडला गेला, तर त्याच्याभोवती पहिले कडे आपण करावे आणि पोलिसांना ११२ वर बोलवावे. सूरह अल-माइदाच्या आठव्या आयतीनुसार एखाद्या समूहाविषयीचा द्वेषही न्याय सोडण्याची सबब होऊ शकत नाही.

अल्लाह आपल्याला संतापाच्या घडीला थांबण्याचे बळ देवो. आमीन.