पूषाचे दात

खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात पहिल्यांदा जाणारा माणूस आधी स्वर्गमंडपात मधोमध उभा राहून छताच्या गोल झरोक्यातून आभाळ बघतो. मग गाभाऱ्याकडे वळतो आणि काहीतरी राहून गेल्यासारखं त्याला वाटतं. नंदी नाही. शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी, शिलाहारांच्या काळातलं एवढं मोठं शिवमंदिर, आणि पिंडीसमोर नंदीच नाही. गावातल्या कुणालाही विचारा, कारण लगेच कळतं. सती बापाच्या यज्ञाला गेली ती नंदीवर बसून, आणि परत आलीच नाही. शंकर कोपला म्हणून हा कोपेश्वर. त्याची समजूत घालायला विष्णू आला, म्हणून गाभाऱ्यात एक नव्हे, दोन लिंगं. नंदी राहिला तिकडे, आता कर्नाटकात असलेल्या यडूरला. आणि यडूरचं मोठं दैवत कोण, तर वीरभद्र. दक्षाचा यज्ञ उधळणारा तोच.

या गोष्टीत एक बारकं पात्र आहे, पूषा नावाच्या देवाचं. दक्ष भर सभेत शंकराला शिव्याशाप देत होता, तेव्हा हा पूषा दात काढून हसला. मराठीत ‘दात काढणं’ याचे दोन अर्थ होतात. पूषाच्या वाट्याला दोन्ही आले. वीरभद्र गणांना घेऊन यज्ञमंडपात शिरला तेव्हा दक्षाचं मुंडकं गेलं, भृगूच्या दाढीमिशा उपटल्या गेल्या, भगाचे डोळे गेले आणि पूषाची बत्तिशी पाडली गेली.

भागवताच्या चौथ्या स्कंधात ही हाणामारी आहेच, पण खरी गंमत पुढच्या तडजोडीत आहे. ब्रह्मदेव मध्यस्थीला येतो, शंकर शांत होतो, आणि यज्ञ पुरा करायचा तर जायबंदी देवांची काहीतरी व्यवस्था लावणं भाग पडतं. दक्षाचं डोकं यज्ञात जळून गेलेलं, म्हणून त्याच्या धडावर बोकडाचं डोकं बसतं. भृगूला बोकडाची दाढी मिळते. भगाने मित्र या देवाच्या डोळ्यांनी पाहायचं. आणि पूषाने यजमानाच्या दातांनी चावायचं, एरवी पीठ खायचं. ब्राह्मणग्रंथांतही पूषा बिनदाताचाच आहे आणि म्हणून त्याचा हविर्भाग दळलेल्या धान्याचा असतो. कवळी बसेपर्यंत घरोघरीचे आजोबा जे खातात, तेच.

दुसऱ्याच्या दातांनी चावलेला घास कुणाचा? आणि बोकडाच्या डोक्याचा दक्ष तोच दक्ष का? भागवतकारांना दुसऱ्या प्रश्नाबद्दल शंका दिसत नाही. डोकं बसल्यावर तो झोपेतून उठल्यासारखा उठतो, मेलेल्या मुलीच्या आठवणीने त्याचा गळा दाटतो, आणि मग तो शंकराची स्तुती करतो. लेकीची आठवण बोकडाच्या डोक्यात कुठून आली, हे कुणी विचारत नाही.

हे सगळं आज उकरून काढायचं कारण साधं आहे. जयसिंगपूर, सांगली, मिरजेच्या दवाखान्यांत आता पूषाच्या प्रश्नावर रोज उपचार होतात. ‘इम्प्लांट बसवून घ्या’ हे वाक्य तालुक्यातल्या अनेक घरांत येऊन पोचलं आहे. शिरोळ हा उसाचा मुलूख. दाढ गेल्याचं दुःख इथे पहिल्यांदा उसाच्या कांड्यापाशीच कळतं. तरुणपणी फडात उभ्याने सोलून चघळलेला ऊस साठीनंतर नातवंडांच्या हातात बघत बसावा लागतो. त्यात मधुमेह, तंबाखू आणि बायकांमध्ये मिश्रीची सवय. हिरड्या सैल व्हायला एवढं पुरतं.

इम्प्लांट म्हणजे दात नव्हे. तो दाताच्या मुळाच्या जागी जबड्यात रोवलेला टायटॅनियमचा स्क्रू. साधारण साडेतीन ते पाच मिलिमीटर जाड, आठ ते तेरा मिलिमीटर लांब. आधी एक्स-रे किंवा सीबीसीटी स्कॅन करून हाड किती उरलं आहे, खालच्या जबड्यातली नस कुठून जाते, हे बघतात. भूल देऊन हिरडी उघडतात आणि हाडात टप्प्याटप्प्याने भोक रुंद करत जातात. हे करताना भोकावर सलाईनची धार धरलेली असते, कारण हाड सत्तेचाळीस अंश सेल्सिअसच्या वर मिनिटभर तापलं तरी तिथल्या पेशी मरतात, आणि मेलेल्या हाडात काहीही रुजत नाही. स्क्रू पिळून बसवला की हिरडी शिवतात आणि मग वाट बघतात. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्यात हाड भुसभुशीत असल्याने सहापर्यंत. त्यानंतर स्क्रूवर एक जोडतुकडा आणि त्यावर झिर्कोनियाची किंवा धातूवर पोर्सलेन चढवलेली कॅप. घास चावतो तो या कॅपने. पण खरं काम त्या वाट बघण्याच्या महिन्यांत झालेलं असतं.

ते काम काय, हे कळलं तेही योगायोगानेच. पेर-इंगवार ब्रोनेमार्क हा स्वीडिश डॉक्टर १९५२ मध्ये सशांच्या पायाच्या हाडातलं रक्ताभिसरण पाहत होता. त्यासाठी हाडात टायटॅनियमची छोटी नळी बसवली होती. प्रयोग संपल्यावर महागाची नळी परत काढायला गेला तर ती निघेचना. हाड धातूला असं भिडलं होतं की मधे फट उरली नव्हती. १९६५ मध्ये गोटेबर्गला त्याने योस्टा लार्सन या माणसाच्या खालच्या जबड्यात चार स्क्रू बसवले. लार्सन २००६ मध्ये वारला, तोवर चाळीस वर्षं त्याने त्यांच्या आधारावर जेवण केलं. तरीही दंतवैद्यकाच्या जगाने ही गोष्ट मनापासून मान्य केली ती १९८२ च्या टोरोंटो परिषदेनंतर.

शरीर परक्या गोष्टीला एरवी कसं वागवतं ते बोटात काटा मोडलेल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पू होतो, सूज येते, काटा बाहेर ढकलला जातो. टायटॅनियमच्या बाबतीत हाड तसं करत नाही. धातूच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा एक अतिपातळ थर असतो, आणि हाडाच्या पेशी त्याला लागून नवं हाड रचू लागतात. आपलं आणि परकं यांतली रेघ, निदान या एका जागी, हाड ओढत नाही.

मात्र संपूर्ण आपलं म्हणूनही ते घेत नाही, आणि जाहिरातींत हे सहसा येत नाही. खरा दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. दोघांच्या मधे तंतूंची एक पातळ गादी असते. भातातला एवढासा खडा दाताखाली आला की आपण दचकतो ते त्या गादीतल्या मज्जातंतूंमुळे. इम्प्लांटला ही गादी नाही. तो घट्ट आहे, पण बधिर आहे. खडा त्याला उशिरा कळतो, ताकद किती लावायची तेही. यजमानाच्या दातांनी खाणाऱ्या पूषालाही चावता येत असेल. खडा कळत होता का, ते भागवतात नाही.

‘आपलेच दात, आपलेच ओठ’ असं मराठी माणूस म्हणतो तेव्हा त्यातला ‘आपले’ हा शब्द तो तपासून पाहत नाही. तो तपासायची तयारी ज्या बौद्ध परंपरेने दाखवली तिने एक भयंकर गोष्ट रचली आहे. नागार्जुनाच्या नावावर असलेल्या एका महाग्रंथात ती येते. त्याचं संस्कृत मूळ हरवलं, कुमारजीवाने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला केलेलं चिनी भाषांतर उरलं. एक वाटसरू ओसाड घरात रात्र काढत असतो. एक राक्षस खांद्यावर प्रेत घेऊन येतो, मागून दुसरा येतो, आणि प्रेत कुणाचं यावरून दोघांचं जुंपतं. साक्षीदार म्हणून वाटसरूला विचारतात. तो खरं सांगतो. ज्याचं नुकसान झालं तो चिडून वाटसरूचा हात उपटतो. पहिला राक्षस लगेच प्रेताचा हात तोडून तिथे बसवतो. मग दुसरा हात, पाय, डोकं, सगळं शरीर. शेवटी दोघे मिळून वाटसरूचे उपटलेले अवयव खातात, तोंड पुसतात आणि निघून जातात. सकाळी तो माणूस वाट फुटेल तिकडे जातो आणि भेटेल त्याला विचारतो की आईबापांनी दिलेलं शरीर तर माझ्यादेखत खाल्लं गेलं, मग आता मला शरीर आहे की नाही? भिक्षू त्याला सांगतात की ते तुझं आधीही नव्हतं.

हे उत्तर भिक्षूला शोभतं. ज्याला उद्या सकाळी भाकरी चावायची आहे त्याला ते अपुरं पडतं. राक्षसांनी केलेला फेरफार आणि दंतवैद्याने केलेला फेरफार यांत एक मोठा फरक आहे, आणि तो तत्त्वज्ञानाच्या चर्चेत नेहमी निसटतो. वाटसरूला कुणी विचारलं नव्हतं.

शिरोळ तालुक्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, कारण इथे दिगंबर जैनांची मोठी वस्ती आहे आणि चातुर्मासात मुनींचा मुक्काम गावोगावी असतो. दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत केशलोच आहे, अस्नान आहे, दिवसातून एकदाच, उभ्याने, हाताच्या ओंजळीत आहार आहे. आणि अदंतधावनही आहे. दात घासायचे नाहीत. दंतवैद्याच्या कपाळावर आठी पडेल, पण नियमाचा रोख आरोग्यावर नाही. शरीर सजवायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. शरीर टिकवायचं तेही व्रत पाळता येईल तोवर. याच पट्ट्यातल्या भोजशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते आचार्य शांतिसागर महाराज १९५५ मध्ये कुंथलगिरीला सल्लेखना, म्हणजे अन्नत्यागाने मरण स्वीकारण्याचं व्रत, घेऊन गेले. त्यांची दृष्टी मंदावली होती. पायाखालचा जीव दिसत नसेल तर मुनीने पाऊल टाकायचं कसं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. इंद्रिय निकामी झालं तर त्याच्या जागी दुसरं आणायचं नाही, शरीराचाच निरोप घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं.

श्रावकाला हा नियम नाही. तो दात घासतो, कॅप बसवतो, इम्प्लांटही करून घेतो. आणि जैन विचारात त्याची अडचणही होत नाही. शरीर सगळंच पुद्गल, म्हणजे जड द्रव्य. दात पुद्गल, टायटॅनियमही पुद्गल. आत्मा दोघांपासून सारखाच वेगळा. परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून नव्हे, तिच्यातल्या आसक्तीवरून होते. स्क्रू हा खनिजाचा तुकडा. त्याने कुणाचा आहार बाटत नाही.

मग धर्माचा प्रश्न येतो कुठे? तो स्क्रूत नाही, त्याच्या शेजारी भरलेल्या पुडीत आहे. दात जाऊन बरीच वर्षं झाली की जबड्याचं हाड झिजतं. तेव्हा इम्प्लांटला आधार म्हणून तिथे हाडाची भर घालावी लागते. त्यासाठी जगभर फार वापरली जाणारी एक भुकटी, स्वित्झर्लंडच्या गाईस्टलिश कंपनीची बायो-ऑस, गोवंशाच्या हाडापासून बनते. त्यातली प्रथिनं काढून टाकलेली असतात, उरतो तो खनिजाचा सांगाडा. त्यावर अंथरायचा त्याच कंपनीचा पडदा, बायो-गाईड, डुकराच्या कोलॅजेनचा. ज्या घरात कांदा चिरत नाहीत, ज्या घरात सूर्यास्तानंतर ताट वाढत नाहीत, ज्या घरात डुकराचं नाव घेत नाहीत, त्या सगळ्या घरांची माणसं या खुर्चीवर बसतात. कागदावर सही होते. कागद वाचला जातोच असं नाही.

इथे धर्म म्हणजे मागासपणा असं समजून हसणं सोपं आहे. पूषाही हसला होता. भुकटीत प्राण्याचं मांस उरलेलं नाही, प्रक्रियेत प्रथिनं काढून टाकली आहेत, हे शास्त्रीय उत्तर खरं आहे. ज्याला ते पटेल त्याने खुशाल घ्यावी. जीव वाचवणं आणि वेदना कमी करणं यांच्यापुढे नियम वाकवायची सोय बहुतेक धर्मांनी ठेवलेली आहे. पण इम्प्लांट जीव वाचवत नाही. तो चावण्यासाठी आहे, आणि पर्याय आहेत. रुग्णाच्याच हनुवटीतून किंवा जबड्याच्या मागच्या भागातून हाड घेता येतं. कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेटची भुकटी मिळते. कवळी आणि ब्रिज तर आहेतच. पर्याय असताना न विचारता भरलेली भुकटी ही वैद्यकीय चूक नसेल, पण त्या माणसाशी केलेली लबाडी आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

दक्षाच्या धडावर बसलेलं डोकं कुठून आलं, याचंही उत्तर भागवतात आहे. ते यज्ञातल्या बळीच्या पशूचं. देवांची भांडणं मिटली, यज्ञ पुरा झाला, सगळ्यांना आपापला भाग मिळाला. बोकडाबद्दल पुढे एक अक्षर नाही. अहिंसेचा प्रश्न नेमका तिथे सुरू होतो, आणि शिरोळच्या श्रावकाने तो दवाखान्यात विचारला तर त्यात चमत्कारिक काही नाही. भुकटी कशाची आहे, पडदा कशाचा आहे, दुसरं काही चालेल का, एवढे तीन प्रश्न सही करण्यापूर्वी विचारता येतात. स्क्रूची कंपनी, माप आणि बॅच लिहिलेलं कार्डही त्याच वेळी मागून घ्यावं. दहा वर्षांनी दुसऱ्या गावच्या डॉक्टरला तेच लागतं.

एक गोष्ट मात्र कार्डावर नसते. धर्मशास्त्राने दाताला फार आधीपासून मोजलं आहे. मूल दात येण्याआधी गेलं तर सुतक जवळजवळ नाही, आणि अशा तान्ह्याला अग्नी न देता पुरतात. दात आले की हिशेब बदलतो. म्हणजे दात हा माणूस म्हणून नोंद होण्याचा एक पुरावाच होता. आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला अस्थी गोळा करताना राखेतून हाडांबरोबर कधी दाताचे तुकडेही हाताला लागतात. टायटॅनियम १६६८ अंश सेल्सिअसला वितळतं. लाकडाची चिता तिथवर तापत नाही. नेदरलँड्समधली ऑर्थोमेटल्स ही कंपनी १९९७ पासून दाहगृहांतला असा धातू गोळा करून पुन्हा वापरात आणते. इकडे राख सावडणाऱ्याने तो स्क्रू वेगळा काढला नाही, तर तो अस्थींबरोबर नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमात जातो.