अपंगत्व हे मागच्या जन्मीचे पाप आहे काय?



एखाद्या घरात मूल जन्मतः पायाने अधू निघते. एखाद्या मुलीला ऐकू येत नाही. एखादा कर्ता माणूस पाठीचा मणका दुखावून खाटेवर पडतो. शेजारीपाजारी भेटायला येतात, चहा घेतात आणि जाता जाता उंबऱ्यावर एक वाक्य टाकून जातात, "काय करणार, मागच्या जन्मीचं काहीतरी असेल." बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, त्याला धीरच द्यायचा असतो. पण हे वाक्य बौद्धाच्या घरात उच्चारले जावे काय, हा प्रश्न मी आज आपल्यापुढे ठेवीत आहे. हा नुसता शब्दांचा वाद नाही. त्या मुलाचे औषध, त्याची शाळा आणि घरातले त्याचे स्थान या एका वाक्यावर अवलंबून असते.

जरा मागे वळून पाहा. आपल्या आजापणजांना गावकुसाबाहेर का राहावे लागले? पाणवठ्याला हात लावण्याची मनाई त्यांनाच का? धर्माच्या नावाने त्यांना एकच उत्तर मिळत असे: तुम्ही मागच्या जन्मी पाप केले म्हणून या जातीत जन्मलात. हे उत्तर मोठे सोयीचे होते. ज्याने मारले तो निर्दोष सुटत होता आणि ज्याने मार खाल्ला तोच अपराधी ठरत होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि दिली, तेव्हा लाखो माणसांनी हे उत्तरही डोक्यावरून उतरवून ठेवले. मग आपल्या जातीच्या बाबतीत जे खोटे म्हणून फेकले, ते आपल्याच घरातल्या अपंग लेकराच्या बाबतीत खरे कसे ठरेल? तो सिद्धांत एक तर दोन्हीकडे खरा, नाही तर दोन्हीकडे खोटा. अर्धा टाकता येत नाही आणि अर्धा ठेवता येत नाही.

कोणी अभ्यासू वाचक म्हणेल, "गुरुजी, आपल्या ग्रंथांतही तशा कथा आहेत, त्यांचे काय?" प्रश्न रास्त आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेतील पहिलीच कथा चक्खुपाल थेरांची आहे. पूर्वजन्मी वैद्य असताना त्यांनी एका स्त्रीचे डोळे घालविले, म्हणून त्यांना अंधत्व आले असे तेथे सांगितले आहे. ही कथा लपविण्याचे कारण नाही. पण अट्ठकथा हे नंतरच्या आचार्यांचे भाष्य आहे, हे ध्यानात घ्यावे. उलट संयुत्त निकायात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाचा संवाद आहे. माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकृत्यामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, आपले मत काय, असे त्याने विचारले. तथागतांनी ते मत मान्य केले नाही. पित्त, कफ, वात, या तिहींचे एकत्र बिघडणे, ऋतूचा पालट, शरीराची आबाळ, बाहेरून झालेला आघात, अशी कारणे त्यांनी एकामागून एक सांगितली. कर्मविपाक हे त्या यादीतले केवळ एक कारण, आणि तेही शेवटचे. सगळे खापर पूर्वकर्मावर फोडणारे लोक स्वतःचा अनुभव सोडून बोलतात, असा त्यांचा निर्वाळा आहे.

बाबासाहेब आणखी पुढे गेले. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरील ग्रंथात त्यांनी विचारले आहे की, मुलाला शरीर मिळते ते आईबापांकडून. त्यात गतजन्माचे कर्म शिरणार कोठून? आणि गोरगरिबांच्या दैन्याची जबाबदारी राज्याला व समाजाला टाळता यावी, याखेरीज असल्या सिद्धांताचा दुसरा उपयोग तो काय? हा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. कारण 'मागच्या जन्मीचे' म्हटले की या जन्मीचे कारण शोधणे थांबते.

आणि कारणे तर आपल्या डोळ्यांसमोर असतात. कान फुटून महिनोन्महिने वाहत राहतो, उपचार होत नाही आणि ऐकणे कमी होते. बाळंतपण अडते, बाळ वेळेवर रडत नाही, त्याच्या मेंदूला प्राणवायू कमी पडतो. विदर्भातील आपल्या अनेक कुटुंबांत सिकलसेलचा आजार आढळतो. आई आणि बाप दोघांच्याही रक्तात तो दोष सुप्त असला, तर मुलाला पूर्ण आजार होऊ शकतो. लग्नाआधी रक्त तपासले तर हे कळते. कुंडली पाहून ते कळत नाही. पोलिओचे उदाहरण तर सर्वांत बोलके आहे. किती पिढ्या त्याला देवीचा कोप किंवा नशीब म्हणत आल्या! लसीचे थेंब घरोघर पोहोचले, आणि १३ जानेवारी २०११ नंतर या देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण आढळला नाही. त्या वर्षापासून साऱ्या देशाचे पूर्वजन्म अचानक पुण्यवान झाले असे कोणी म्हणेल काय?

आता पुण्याच्या मार्केट यार्डात या. गुलटेकडीच्या या बाजारावर आंबेडकरनगर, डायस प्लॉट अशा आसपासच्या वस्त्यांतील कितीतरी घरांची चूल पेटते. पाठीवर पन्नास किलोची शंभर पोती वाहिली की एका माणसाच्या अंगावरून पाच टन माल गेला. एके काळी धान्याचे पोते शंभर किलोचे असे. त्या ओझ्याने वाकलेली पाठ आणि झिजलेले गुडघे हे कोणत्या जन्मीचे फळ? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच शिफारस केली होती की प्रौढ पुरुषाने ५५ किलोपेक्षा अधिक ओझे वाहू नये. पोत्याचे वजन कमी करा ही मागणी बाबा आढाव यांनी उभारलेल्या हमाल पंचायतीने वर्षानुवर्षे लावून धरली. १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी महाराष्ट्रात कायदा झाला. त्यामुळे नोंदीत हमालाला भविष्य निर्वाह निधी मिळू लागला आणि कामावर इजा झाल्यास भरपाईचा हक्क मिळाला. पोत्याचे वजन माणसाने ठरविले होते, म्हणूनच ते माणसाला कमी करता आले. जे पूर्वजन्मावर सोपवले जाते, ते कधीच कमी होत नाही.

समजा, एकाच दिवशी दोन हमालांचा पाय निकामी झाला. पहिल्याचे नाव मंडळात नोंदलेले आहे. त्याला भरपाई मिळाली, कुबड्या मिळाल्या, आणि गेटवर बसून पावत्या लिहिण्याचे काम मिळाले. दुसरा बदली कामगार. त्याची नोंद कोठेच नाही. त्याची खोली माळ्यावर, उभ्या लोखंडी शिडीने चढून जायची. तो वर्षभर खाली उतरलेला नाही. दोघांचा पाय सारखाच गेला आहे. मग दुसऱ्याचे अपंगत्व पहिल्याहून इतके मोठे कशाने झाले? शिडीने, कागदाने आणि आपल्या विसराळूपणाने. म्हणून मी म्हणतो, अपंगत्वाचा काही भाग शरीरात असतो आणि फार मोठा भाग समाजात असतो. शरीरातला भाग डॉक्टरने पाहावा. समाजातला भाग आपण पाहिला पाहिजे.

ही गोष्ट एका बाजाराची नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालानुसार जगात सुमारे १३० कोटी लोक मोठ्या स्वरूपाच्या अपंगत्वासह जगतात, म्हणजे दर सहा माणसांत एक. त्यांतील बहुसंख्य गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. त्यांच्यापैकी काहींना इतरांपेक्षा वीस वर्षांपर्यंत लवकर मृत्यू येतो असेही तो अहवाल सांगतो. ते केवळ त्यांच्या अपंगत्वाने मरतात असे नाही. साधा ताप, मधुमेह, बाळंतपण यांसाठीही त्यांना दवाखाना गाठता येत नाही. रिक्षाला पैसे नसतात. दवाखान्याला पायऱ्या असतात. बहिऱ्या बाईचा नंबर तोंडाने पुकारला जातो, आणि तिला तो ऐकू येत नाही म्हणून ती संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहते. आपल्या देशात २०११ च्या जनगणनेत २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. महाराष्ट्रात ही संख्या २९ लाखांच्या वर होती. घरच्यांनी लाजेपोटी ज्यांची नावे सांगितलीच नाहीत, ते यात कोठून येणार?

यावर उपाय म्हणून बहुतेकांना दया आठवते. ब्लँकेट वाटप होते, फोटो निघतात. दया वाईट नाही. पण दया देणाऱ्याच्या मर्जीवर असते आणि हक्क घेणाऱ्याचा असतो, हा फरक आपल्याइतका कोणाला कळणार? गोड नावाचा अनुभवही आपल्याला आहे. आपल्याला 'हरिजन' म्हटले गेले, तेव्हा बाबासाहेबांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३८ साली मुंबई विधिमंडळात त्या नावाला विरोध करून सभात्याग केला होता. आज अपंगाला 'दिव्यांग' म्हणतात. कायद्यातही तोच शब्द आहे, तो खुशाल वापरावा. पण नाव दिव्य करून जिना तसाच उभा ठेवला, तर त्या माणसाच्या पदरात काय पडले?

बाबासाहेबांच्या हातून घडलेल्या संविधानात, ४१ व्या अनुच्छेदात, बेकारी, वार्धक्य आणि आजार यांबरोबर विकलांगतेचा उल्लेख करून काम, शिक्षण व साहाय्य यांची तरतूद करण्याचे राज्याला सांगितले आहे. १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे ७ प्रकार मानले होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले, त्यात सिकलसेलही आला. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आणि ६ ते १८ वर्षांच्या अपंग मुलाला मोफत शिक्षण हेही या कायद्यात आहे. मात्र यासाठी अपंगत्व किमान ४० टक्के असल्याचे प्रमाणपत्र लागते. कायदा झाला म्हणून तो आपल्या दारात चालत येत नाही. तो आणायला जावे लागते.

येथे आपल्या परंपरेतील एक अवघड जागाही सांगितली पाहिजे. विनयातील महावग्गात लंगडा, अंध, बहिरा, कुबडा अशा व्यक्तींना प्रव्रज्या देऊ नये असा नियम आहे. तो त्या काळच्या भिक्षुसंघाचा नियम आहे. त्याला आजच्या माणसाच्या योग्यतेचे माप करता येणार नाही. त्याच वाङ्मयात दुसरी बाजूही ठळक आहे. कोसंबीच्या राणीची कुबडी दासी खुज्जुत्तरा तथागतांचा उपदेश ऐकून येई आणि महालातील स्त्रियांना शिकवी. बहुश्रुत उपासिकांमध्ये तिला अग्रस्थान मिळाले. ठेंगण्या लकुंटक भद्दियाला भिक्षू हसत, तेव्हा तथागतांनी त्यांचा गैरसमज दूर करून त्याची थोरवी सांगितली. आणि अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्षूला त्यांनी आनंदासह स्वतः धुतले, तो प्रसंग आपण जाणताच. इतर भिक्षू त्याच्याकडे का पाहत नव्हते? तो आपल्या काही उपयोगाचा नाही, एवढेच त्यांचे कारण होते. माणसाची किंमत उपयोगावर ठरवायची नाही, हा त्या प्रसंगाचा अर्थ आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेब उभे होते, तेव्हा त्यांना काठीचा आणि सहकाऱ्याच्या खांद्याचा आधार घ्यावा लागत होता. त्या आधाराने त्यांचे मोठेपण तीळभरही कमी झाले नाही.

आपण म्हणाल, "हे सारे खरे, पण घरात दोघे मजुरीला जाणार, त्या पोराला सांभाळणार कोण? दवाखान्यात खेप घातली की एक रोज बुडतो." हे अगदी खरे आहे. म्हणूनच हा भार एकट्या आईवर टाकता कामा नये. तो वस्तीने उचलला पाहिजे. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. वस्तीतील अपंग व्यक्तींची यादी विहार समितीने एका रविवारी करावी. शिकलेल्या एका तरुणाने प्रमाणपत्राचे आणि यूडीआयडी कार्डाचे अर्ज भरून द्यावेत, आणि रुग्णालयात त्यांच्यासोबत जावे. अंगणवाडीत व शाळेत २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली मुलांची तपासणी होते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. अंगारेधुपारे, नवस आणि देवऋषी यांच्यामागे जाणारा पैसा डॉक्टरसाठी ठेवा. शाळेत तुमच्या मुलाला घेत नसतील तर परत फिरू नका. नकार लेखी मागा. मी शिक्षक आहे, लेखी मागितले की बरेच नकार विरून जातात हे मला ठाऊक आहे.

आणि शेवटी आपल्या विहाराकडे पाहा. वर्गणी काढून आपण तो उंच जोत्यावर बांधला, त्याला सुंदर पायऱ्या केल्या. पायरीखाली उभे राहणे म्हणजे काय, हे ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या भोगले, त्याच्या विहाराच्या पायरीखाली आज कोणी चाकाच्या खुर्चीत बसून वंदना ऐकत असेल, तर तेथे समता नाही. येत्या पौर्णिमेपूर्वी त्या पायऱ्यांच्या बाजूला सिमेंटचा एक उतार करून घ्या. चार पोती सिमेंट, थोडी वाळू आणि वस्तीतल्या गवंड्याचा एक दिवस पुरेल.

जयभीम!