ही चटणी कुणाच्या हातची?

सोलापूरहून पुण्याला येताना रेल्वेत समोरच्या गृहस्थांनी विचारलं, "आपलं गाव कुठलं? आडनाव काय?" मी सांगितलं. तेवढ्यावरून माझी जात, माझा देव, माझं स्वयंपाकघर यांचा हिशोब त्यांच्या मनात मांडून झाला असावा. मला हे नेहमी अपुरं वाटतं. श्रद्धा कशावर, ऐकता काय, खाता काय, वाचता काय, हे विचारावं. आणि सोबत हेही, की ते तुम्हाला कुणी दिलं?

माझी आजी मंगळवेढ्याकडची. परातीत मालदांडी ज्वारीचं पीठ मळून ती भाकरी थापायची, तेव्हा तोंडानं हरिपाठ चाललेला असे. थापेचा ताल आणि नामाचा ताल एकच. तव्यावरच्या भाकरीवर पाण्याचा हात फिरवायची, मग ती निखाऱ्यापाशी उभी करायची. भाकरी टम्म फुगायची. श्रद्धा, गाणं आणि अन्न मला त्या एका चुलीपाशी मिळालं. पंढरपूरला गेलो की आजी आधी महाद्वारासमोर चोखोबांच्या समाधीवर डोकं ठेवी. देवळात ज्यांना जाऊ दिलं नाही, त्यांना आधी नमस्कार. माझी श्रद्धा आजही तिथूनच सुरू होते.

पुढचं इतरांनी दिलं. एका मित्रानं कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं ऐकवली. कानडी घरातला हा गवई क्षयानं देवासला अंथरुणाला खिळला आणि तिथं माळव्याची लोकगीतं त्याच्या कानावर पडत राहिली. काशीचा कबीर आमच्या घरात आला तो याच गळ्यातून. शाळेतल्या बाईंनी लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' हातात ठेवलं. त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण येशूची भक्ती गायला अभंगच निवडला. सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईही पुढं त्याच वाटेनं गेल्या आणि तो सगळा प्रवास त्यांनी घरच्या, बोलत्या मराठीत लिहिला. आडनावावरून यातलं काय कळलं असतं?

आडनाव जन्मानं मिळतं. आवडीही कुणीतरी दिलेल्याच असतात, पण त्या आपण जपतो म्हणून टिकतात. त्या सांगताना देणाऱ्याचं नाव घेणं मला ऋण फेडण्यासारखं वाटतं.

त्या गृहस्थांनी डबा उघडून शेंगाचटणी पुढं केली. उखळात कुटलेली, तेल सुटलेली. मी विचारलं, "ही कुणाच्या हातची?" त्यांचा घास हातातच राहिला. मग कुर्डुवाडीपासून दौंडपर्यंत ते आईबद्दल बोलत होते.