जोडलेले हात कोणापुढे?



जपानहून परत आल्यापासून वस्तीतील माणसे आम्हां उभयतांना एकच प्रश्न विचारतात, "बौद्ध देश कसा असतो?" प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून त्या देशातील एका डोंगरी खेड्यात आम्ही घालवलेल्या एका दिवसाची हकिकत सांगतो आणि त्या दिवसाने आमच्यापुढे जो प्रश्न उभा केला तोही मांडतो.

माझ्या पत्नीचा भाऊ नागोया शहरात नोकरीला आहे. दिवाळीच्या सुटीत त्याने आम्हांला बोलावले. त्याला रजा नव्हती, म्हणून एक दिवस आम्ही दोघेच मोटारीने शिराकावा खोऱ्यात गेलो. हे खोरे गिफू प्रांतात, हाकुसान पर्वताच्या बाजूला आहे. शोगावा नदीवरचा झुलता पूल ओलांडला की ओगिमाची हे गाव लागते. भातकापणी झालेली खाचरे, त्यांच्यामधून वाहणारे स्वच्छ पाट, आणि खाचरांच्या कडेने उभी असलेली उंच गवती छपरांची घरे. माझा जन्म खेड्यातला असूनही असे खेडे मी पाहिले नव्हते. आवाज म्हणून होता तो पाण्याचा.

या घरांच्या बांधणीला तिकडे 'गाश्शो' म्हणतात. गाश्शो म्हणजे जोडलेले हात. आपण वंदना घेताना हात जोडतो, तसे दोन उतार माथ्यावर एकत्र येतात. तिकडे हिवाळ्यात माणूस बुडेल इतके बर्फ पडते. ते घसरून जावे म्हणून छप्पर सुमारे साठ अंशांइतके उभे ठेवतात. छपराच्या सांगाड्यात लोखंडी खिळा नाही. लाकडे दोरांनी आणि झाडाच्या लवचीक फांद्यांनी बांधलेली असतात. खाली चूल सतत धुमसत असते. तिच्या धुराने दोर आणि गवत टिकते, कीड लागत नाही. वरच्या माळ्यांवर पूर्वी रेशमाचे किडे पाळत. जमिनीखाली खड्ड्यांत सोरा तयार करीत. तो बंदुकीच्या दारूसाठी जाई. गावातील वाडा घराणे या सोऱ्याच्या व्यापारावर मोठे झाले. त्यांचे घर आज पाहायला खुले आहे. ते आम्ही पाहिले. तेथील देव्हाऱ्यात अमिताभ बुद्धाची उपासना होते. माझी पत्नी त्याच्यापुढे नकळत हात जोडून उभी राहिली, आणि दाराशी बसलेल्या वृद्ध बाईने उठून तिला वाकून नमस्कार केला. पत्नीनेही वाकून परत केला. ती बाई पुन्हा वाकली. परक्या देशात, परक्या घरात, कोणी आमचे आडनाव विचारले नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. असे प्रचंड छप्पर तीस-चाळीस वर्षांनी नव्याने शाकारावे लागते. एका कुटुंबाच्या हातून ते होणे शक्य नाही. म्हणून सारे गाव जमते. शंभर-दोनशे माणसे एका दिवसात छपराची एक बाजू शाकारतात. ज्याने आज माझ्या छपरावर श्रम केले, त्याच्या छपरावर मी उद्या श्रम करायचे. या प्रथेला 'युई' म्हणतात. आज बरेच काम मजुरी घेणारे कारागीर करतात. तरी युईची रीत गावाने सोडलेली नाही. आपल्याकडे यालाच इर्जिक किंवा सावड म्हणतात. ज्याच्या शेतात काम, त्याने जेवण घालायचे आणि पुढच्या वेळी आपण जायचे.

झुलत्या पुलावर परत आलो तेव्हा मी भारावून बोलत होतो. "बघ, बौद्ध गाव असे असते," मी म्हणालो. पत्नी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अहो, पण यांचा महारवाडा कोणत्या अंगाला होता?"

मी हसलो. पण त्या प्रश्नाने पुढे माझी झोप घालवली. गाव सुंदर दिसते ते कोणाला? वेशीच्या आत बसून पाहणाऱ्याला, की वेशीबाहेर उभे राहून पाहणाऱ्याला? 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत परमपूज्य बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना जे खडसावले, ते याच दुसऱ्या जागेवरून. खेडे हे अज्ञानाचे, संकुचितपणाचे आणि जातीयतेचे घर आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मी शाळेत मुलांना तो शिकवतो. आणि तोच मी पुलावर उभा राहून एका खेड्याचे गोडवे गात होतो.

परत आल्यावर मी जपानविषयी मिळेल ते वाचले. प्रश्न त्या एका गावाचा नव्हता, साऱ्या जपानचा होता. त्या बौद्ध देशातही जन्माने अस्पृश्य ठरवलेले लोक होते. गुरे सोलणारे, कातडी कमावणारे. त्यांना दिलेल्या नावातच 'विटाळ' होता. 1871 साली सरकारी फर्मानाने तो भेद कायद्यातून गेला, पण मनातून गेला नाही. त्यांची देवळेसुद्धा वेगळी ठेवलेली होती. ज्या शिनरान यांच्या पंथात भिक्षू आणि गृहस्थ यांच्यात उच्चनीच मानायचे नाही अशी शिकवण, त्याच पंथाच्या मठसंस्थेत हे चालले. मेल्यानंतर बौद्ध रिवाजाप्रमाणे जे धर्मनाम देतात, तेही या लोकांना हीनपणा दाखवणारे दिलेले आढळले. म्हणजे चितेनंतरही जात सुटली नाही!

3 मार्च 1922 रोजी क्योटोत या समाजाने 'सुइहेइशा', म्हणजे समतल संघ, स्थापन केला. आपला उद्धार आपण करायचा, दुसऱ्याच्या दयेवर नाही, अशी त्यांची प्रतिज्ञा होती. तिचा जाहीरनामा लिहिणारे साइको मानकिची हे स्वतः एका बौद्ध मंदिराच्या घराण्यातले. संघाने पहिल्याच वर्षी मोठ्या होंगान्जी मठांना देणग्या द्यायचे नाकारले. आपल्या महाडच्या आधी पाच वर्षे! आणि 1975 साली काय उघडकीस आले? या वस्त्यांच्या गावनावांच्या याद्या छापून कंपन्यांना विकल्या जात होत्या. नोकरीला येणारा तरुण कोणत्या वस्तीतला, हे त्या यादीत पाहायचे. भेदभाव नाहीसा करण्यासाठी तेथे 2016 साली पुन्हा कायदा करावा लागला.

मग मनात प्रश्न येतो, ज्या देशात घराघरात बुद्ध आहे तेथे हे कसे घडले? आणि तेथे घडले, तर आपल्याकडे घडणार नाही कशावरून?

मला वाटते, हात जोडणे ही क्रिया स्वतः चांगलीही नाही आणि वाईटही नाही. माझे आजोबा येसकरकी करीत. पाटलासमोर आले की ते वाकून जोहार करीत. त्यांचे हातही जोडलेलेच होते. पण पाटील कधी वाकला नाही. तो नमस्कार एकाच दिशेने जाई. इर्जिकेला गाव जमे तेव्हा जेवणाची पंगत बसे. आजोबांची भाकरी मात्र बाहेर, हातावर. गावाचे काम त्यांनी केले नाही असा दिवस नव्हता, पण गावाने त्यांच्या छपरावर एक पेंढी टाकली नाही. त्याचे नाव इर्जिक नव्हे, वेठ. याच वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले, आणि तो फास कायद्याने सुटायला 1958 साल उजाडले.

म्हणून सहकार आणि वेठ यांतला फरक ओळखायची खूण अशी: केलेले काम उलट परत येते का? आणि 'मी हे करणार नाही' असे म्हणायची मोकळीक आहे का? युईत पहिली गोष्ट होती. दुसरी तेथेही अपुरी होती. गावाविरुद्ध गेलेल्या घराशी जपानी खेडे संबंध तोडी. आग आणि अंत्यविधी या दोनच प्रसंगी मदतीला जाई असे सांगतात. वाळीत टाकणे आपल्याला नवे नाही. 1956 नंतर मेलेली गुरे ओढायचे आपल्या माणसांनी नाकारले, तेव्हा किती गावांनी दळण, दुकान, पाणी तोडले ते आपल्या म्हाताऱ्यांना विचारावे.

तथागतांच्या संघातील एक प्रसंग या ठिकाणी आठवतो. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला निघाले, त्यांच्याबरोबर उपाली न्हावी होता. राजपुत्रांनीच विनंती केली की उपालीला आधी दीक्षा द्यावी. कारण जो आधी भिक्षू झाला त्याला नंतरच्यांनी हात जोडायचे, असा संघाचा नियम. आपला शाक्यकुळाचा अभिमान गळावा म्हणून त्यांनी आपल्या न्हाव्यापुढे वाकायचे पत्करले. हात जोडण्याला अर्थ आला तो तेथे. वरच्याने खाली वाकणे हाच धम्माचा आरंभ आहे.

शिराकावा खोऱ्याविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच खोऱ्यातील नाकाकिरी भागात एकेका छपराखाली वीस-तीस माणसे राहत. शेतजमीन थोडी, म्हणून घर फुटू द्यायचे नाही. लग्न करून बायको घरी आणायचा हक्क फक्त थोरल्या मुलाला. धाकटे भाऊ आणि बहिणी जन्मभर त्याच घरात राबत. धाकट्यांनी रात्री जाऊन बायकोला भेटायचे. मुले आईच्या घरी वाढायची. ते भव्य छप्पर अशा माणसांच्या खांद्यांवरही उभे होते. पुढे काळ बदलला आणि ही रीत संपली. ओगिमाचीच्या रहिवाशांनी 1971 साली तीन गोष्टींचा निश्चय केला: घरे विकायची नाहीत, भाड्याने द्यायची नाहीत, पाडायची नाहीत. 1995 साली ती जागतिक वारसा ठरली. म्हणजे त्या खोऱ्याने छप्पर राखले आणि चाल टाकली.

बंधुभगिनींनो, आता आपल्या घरात या. आपण याच्या उलट तर केले नाही ना? छप्पर बदलले आणि चाल राखली?

मी माझ्याच घरचे सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीला एक स्थळ आले होते. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी. त्याच्या वडिलांनी स्वतः वाचन करून धम्मदीक्षा घेतलेली. पण ते पूर्वाश्रमीचे मातंग. आमच्या घरात बैठक बसली. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब. तसबिरींसमोर बसून कोणी 'जात' हा शब्द उच्चारला नाही. "पाहुण्यांत विचारावे लागेल," "आपल्यातले एखादे बघू," एवढेच बोलले गेले. 'आपल्यातले' म्हणजे काय, हे घरात एकटा पदवीधर असलेल्या मी विचारायला हवे होते. मी विचारले नाही. बहिणीला तर कोणी विचारलेच नाही. मुलाचे नोकरीचे ठिकाण लांब पडते असे खोटे कारण लिहून नकाराचे पत्र मीच पाठवले. जपानच्या कंपन्यांनी गावनावांच्या याद्या विकत घेतल्या. आपल्याला विकत घ्यावी लागत नाही; ती आपल्याला पाठ आहे. 'पूर्वाश्रमीचे कोण?' एवढे विचारले की पुरते.

पुलावर पत्नीने जो प्रश्न विचारला तो जपानसाठी होता असे मी समजत होतो. तो आमच्या घरासाठी होता. आमचा महारवाडा कोणत्या अंगाला आहे, हे मी पाहिले नव्हते, कारण या वेळी आम्ही वेशीच्या आत होतो.

काही जण म्हणतील, हळूहळू होईल, पिढ्या जाव्या लागतात. मी इतकेच म्हणतो की 1871 पासून 2016 पर्यंत एकशे पंचेचाळीस वर्षे गेली, तरी जपानला कायदा करावा लागला. काळ आपोआप काही करीत नाही. आणि काही म्हणतील, दुसऱ्यांनी आपल्याला सोडले का, मग आपण का वाकावे? त्याचे उत्तर शाक्य राजपुत्रांनी देऊन ठेवले आहे. शिवाय बावीस प्रतिज्ञांत सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा आपण घेतली आहे. ती घेताना 'ते मानतील तर' अशी अट आपण घातली नव्हती.

परत आल्यावर आम्ही दोघे त्या घरी गेलो. बहिणीचे लग्न दुसरीकडे झाले आहे, त्या मुलाचेही झाले आहे. झालेले परत येणार नाही. मी त्याच्या वडिलांपुढे हात जोडले आणि खरे कारण सांगितले. ते वयाने मोठे, प्रज्ञेनेही. त्यांनी आम्हांला बसवले, चहा दिला. मग म्हणाले, "गुरुजी, नकाराचे दुःख नव्हते. पत्रात खोटे लिहिलेत, त्याचे वाटले. आम्हांला कळत नाही असे समजलात." मी मान खाली घालून ऐकले. निघताना त्यांनीही हात जोडले, आणि त्या वाकण्याने मी अधिकच खाली गेलो.

बौद्ध देश कसा असतो, असे मला विचारता ना? देश बौद्ध असतो की नाही हे मला सांगता येत नाही. घर बौद्ध असते किंवा नसते. ते ओळखायचे असेल तर भिंतीवरच्या तसबिरी मोजू नका. त्या घरातले हात कोणापुढे जोडले जातात ते पाहा. आणि आधी ते आपल्या घरात पाहा.

जय भीम.