गुळीला काडी

परवाचा धूर सगळ्यांनी पाहिलाय, त्याचं वर्णन करत बसत नाही. सोयाबीनची रास घरात आली, मळणीयंत्र पुढच्या शिवारात गेलं आणि मागे राहिलेल्या गुळीला काडी लागली. देवणी गाय-बैलांचं नाव देशभर घेतलं जातं, आणि त्याच देवणीच्या रानात गुळी पेटते. संताप येतो.

सबबी पुष्कळ आहेत. मजूर मिळत नाही, हरभऱ्याची पेरणी लांबते. त्यात तथ्य आहे. पण ‘राखेचं खत होतं’ हे जे छातीठोकपणे सांगतात, ते मला ऐकवत नाही. राखेत पालाश उरतं, थोडं स्फुरद उरतं, तेही पहिल्या वाऱ्याला बांधापलीकडं जातं. नत्र, गंधक आणि सेंद्रिय कर्ब बहुतेक धुरातून निघून गेलेले असतात. मग हाच माणूस खताच्या गोणीसाठी दुकानासमोर उभा, तीही उधारीवर. राख एवढी गुणाची असती तर उकिरड्यावरचं शेणखतही पेटवूनच रानात टाकलं असतं की! तसं कोणी करत नाही, कारण शेणखताची किंमत कळते. गुळीची कळत नाही, एवढंच.

ही गुळी धिंगरी अळिंबीला चालते. रात्रभर भिजवायची, 80 अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवायची, निथळून पिशवीत भरताना थराथरात अळिंबीचं बियाणं पसरायचं. दोन-तीन आठवड्यांत पिशवी पांढरीशुभ्र होते. ती फाडून आतला गोळा उचलून बघा. सुटी काडी बुरशीच्या तंतूंनी अशी आवळलेली असते की हलवली तरी गळत नाही. अळिंबी खा, विका; उरलेलं खतात जातं.

याच आवळण्याच्या गुणावर 2007 साली सुरू झालेल्या अमेरिकेतल्या इकोव्हेटिव्ह कंपनीनं थर्माकोलला पर्याय उभा केला. बुरशी साच्यात वाढवायची, मग तापवून वाळवायची, की पॅकिंग तयार. आयआयटी मद्रासच्या संशोधकांनीही 2025 मध्ये शेतातल्या आणि कागदाच्या कचऱ्यातून असं पॅकिंग करून दाखवलं. त्यांनी वापरलेली एक बुरशी म्हणजे ही धिंगरीच. आपल्या राज्यात थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर 2018 पासून बंदी आहे, तरी मांडवामागं त्यांचा खच पडतोच. 

दोन एकरवाल्याला मी बोल लावणार नाही. अळिंबीसाठी त्याच्याकडं ना टाकी, ना सावलीची खोली. त्यानं गुळी बांधाला रचून, ट्रायकोडर्मा ही कुजवणारी बुरशी मिसळलेलं पाणी शिंपडून ओल टिकवली तरी पुष्कळ झालं. परभणीच्या कृषी विद्यापीठात ट्रायकोडर्मा मिळतं. तेवढंही नाही जमलं, तर नाही जमलं.

पण दारात ट्रॅक्टर असलेला वीस एकरांचा धनी जनावरं खातील त्या गुळीला काडी ओढतो, आणि उन्हाळ्यात चारा छावणीच्या मागणी अर्जावर पहिली सही त्याचीच असते. यंदा तो अर्ज मी नीट वाचणार आहे.