जमा कुणाच्या खाती?

कागदाशी माझा संबंध बावीस वर्षांचा आहे. कागद मोजणे, कागदावर सही करणे, कागदाला कागद जोडणे आणि शेवटी तो कागद गेला कुठे हे शेजारच्या टेबलावर विचारणे, एवढ्या चार क्रियांवर माझा संसार उभा आहे. पण कागदाची पट्टी सुईला गुंडाळून तिचं फूल करतात, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. आणि तेही आमच्या सौभाग्यवतींचा पाय मुरगळला म्हणून.

झालं असं. दौंड हे आमच्या सौभाग्यवतींचं माहेर. तिथं माझी धाकटी मेहुणी पेपर क्विलिंगचे वर्ग घेते. सख्ख्या बहिणीकडूनही तिनं पूर्ण फी घेतली. (धंद्यात नातं आणायचं नाही, हे तत्त्व तिनं माझ्याकडूनच उचललंय, असं ती सांगते.) महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार, असे दोन महिने, एकूण चार वर्ग. पहिल्या वर्गाच्या आधी तीन दिवस शिरूरच्या एस.टी. स्टँडावर सौभाग्यवतींचा पाय एका खड्ड्यात गेला. फी परत मिळणार नव्हती. २०१५ सालापासून दुसरा आणि चौथा शनिवार बँकांना सुट्टी असते. त्यामुळे 'मला वेळ नाही' हे नवरेलोकांचं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं वाक्य मला उच्चारता येईना. फी वाया जाऊ नये एवढ्यासाठी माणूस काय काय करतो, हे कॉमर्सच्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही.

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुला आणि तिथून दौंड. चौफुल्याला गाडी बदलायला उतरलो की मी मुद्दाम हातातली रंगीत पट्ट्यांची पिशवी उंच धरून उभा राहायचो. चौफुल्याची ख्याती लावणीच्या थिएटरांबद्दल आहे. शनिवारी सकाळी तिथं एकट्या उभ्या असलेल्या बँकवाल्याबद्दल लोक काय समजतील, सांगता येत नाही. एकदा आमचा एक खातेदार भेटलाच. "इकडं कुठं साहेब?" मी म्हटलं, "क्विलिंग शिकायला." तो डोळा मिचकावून म्हणाला, "असू द्या, असू द्या."

वर्गात बारा बायका आणि मी. क्विलिंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. तीन किंवा पाच मिलिमीटर रुंदीची कागदाची पट्टी घ्यायची. टोकाला फट असलेल्या सुईत तिचं एक टोक अडकवायचं आणि सुई फिरवत जायची. घट्ट ठेवलं की चकती होते. सैल सोडलं की वेटोळं पसरतं. ते एका बाजूनं चिमटलं की थेंब, दोन्ही बाजूंनी चिमटलं की डोळा. फेविकॉल टाचणीच्या टोकावर मावेल एवढाच लावायचा. या थेंबांतून आणि डोळ्यांतून बायका मोर, गणपती, कानातले झुबे, काय वाटेल ते करत होत्या. माझ्याकडून पहिल्या दिवशी थेंब झाले ते खऱ्या अर्थानं डोळ्यांतून.

त्यात मी डावखुरा. मेहुणी म्हणाली, "दाजी, तुमची सगळी वेटोळी उलटी फिरतात." मी म्हटलं, "पालथी घालून चिकटवली की सुलटी होतील." तर तसंही चालत नाही. सुई ज्या बाजूनं काढतो ती बाजू जरा विस्कटलेली दिसते. म्हणून ती खाली आणि गुळगुळीत बाजू वर, असा तिचा नियम. तेव्हा माझी वेटोळी जन्मभर उलटीच दिसणार होती. हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडणार आहे.

ही कला आपल्याकडची नव्हे. युरोपातल्या मठांतल्या जोगिणींनी पुस्तकांच्या सोनेरी कडा कापताना उरलेल्या पट्ट्या पिसाच्या देठावर गुंडाळून देवाच्या वस्तू सजवल्या, अशी तिची कुळकथा सांगतात. पिसाचा देठ म्हणजे क्विल, म्हणून क्विलिंग. मला यातली कात्रणाची गोष्ट फार आवडली. सोनं परवडत नाही तर सोन्याच्या कात्रणात भागवायचं, हा विचार कुठल्याही मध्यमवर्गीयाला पटण्यासारखा आहे.

आणि कात्रणं आमच्याकडेही निघतातच की! मी नोकरीला लागलो त्याच्या थोडं आधी, २००१ साली, रिझर्व्ह बँकेनं नोटांच्या पुडक्यांना पिना मारणं बंद करायला सांगितलं आणि कागदी पट्टी बांधायला लावली. शंभर नोटा, एक पट्टी. पुडकं फोडलं की पट्टी टोपलीत. म्हणजे बावीस वर्षं मी क्विलिंगचा कच्चा माल केराच्या टोपलीत टाकत होतो. एका सोमवारी मी टोपलीतून मूठभर पट्ट्या उचलून खिशात घातल्या. हेड कॅशियरनं पाहिलं. "काय उचललंत?" "पट्ट्या." "नुसत्याच ना?" मला खिसा उलटा करून दाखवावा लागला.

मग माझ्या मनानं घेतलं की, केरातली असली तरी वस्तू बँकेची. मी मॅनेजरसाहेबांकडे गेलो. त्यांनी दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाले, "लेखी विचारू नका, म्हणजे मला लेखी नाही म्हणावं लागणार नाही." माझी सदसद्विवेकबुद्धी एवढ्यावर शांत झाली. ती तशी समजूतदार आहे.

सासऱ्यांची पंच्याहत्तरी जवळ आली होती. सासरे रेल्वेतले. दौंड हे रेल्वेचंच गाव. १८७८ साली मनमाडकडे लोहमार्ग गेला तेव्हापासून या गावाचं घड्याळ गाड्यांवर चालतं. सासरे १९७० साली इंजिनं पुसणारा क्लीनर म्हणून लागले, मग फायरमन झाले, वाफेच्या भट्टीत कितीतरी वर्षं कोळसा ओढला आणि मग ड्रायव्हर होऊन डिझेलवर गेले. मी ठरवलं, त्यांना वाफेचं इंजिन करून द्यायचं. मालगाडीचं डब्ल्यू. जी. जातीचं. एका बाजूनं बघितलं तर पुढं एक लहान चाक, मधे चार मोठी, मागं एक लहान. वर धूर.

धूर झकास झाला. धूर वाकडातिकडा चालतो, हा धुराचा मोठेपणा आहे. बँकेच्या पट्ट्या बारीक कापून मी तो केला होता, त्यामुळे त्यात कुठं कुठं कॅशियरच्या सहीचा निळा फराटा दिसायचा. पण चाकं! एका मोठ्या चाकाला आठ-नऊ पट्ट्या एकाला एक जोडून घट्ट वळाव्या लागतात. हातातून जरा सुटलं की मधला भाग वर येतो आणि चाकाची टोपी होते. माझ्याकडे चार टोप्या तयार झाल्या, चारही वेगवेगळ्या मापांच्या. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री अकरा वाजता मी त्या तशाच चिकटवल्या आणि दौंडच्या घरी झोपलो.

सकाळी पाहतो तर चारही चाकं एकसारखी, सपाट, रुपयासारखी. कुणी केली ते विचारायची गरज नव्हती. मेहुणीचे डोळे लाल होते. मी विचारलं नाही, ती बोलली नाही.

कार्यक्रमात इंजिनाला टाळ्या मिळाल्या. चुलतसासरे भाषणात म्हणाले, "बँकेतला माणूस असून काय हे काम! आणि चाकं तर बघा चाकं!" लोक उठून चाकं बघून आले. मी नमस्कार केला. मेहुणी जिलबी वाढत होती. तिनं माझ्या ताटात न मागता आणखी एक वाढली.

आता तुम्ही म्हणाल, यात तू खोटं काय बोललास? काहीच नाही. मी तोंडच उघडलं नव्हतं. पण जिलबी घशाखाली उतरेना, कारण मला एक जुना खातेदार आठवला. एकदा माझ्याच हातून खातेक्रमांकातला एक आकडा चुकला आणि कुणाचे तरी अठरा हजार त्याच्या खात्यात जमा झाले. तो म्हणाला, "मी मागितले होते का?" तेव्हा मी त्याला काउंटरवर अर्धा तास ऐकवलं होतं, की काका, आपल्या खात्यात आलं म्हणून आपलं होत नाही, कळल्याबरोबर सांगायला हवं. चार माणसं ऐकत होती. फार बरं बोललो होतो मी त्या दिवशी.

माणूस अशा वेळी बाजू शोधतो. मला पुष्कळ सापडल्या. एकट्याचं असं जगात काय असतं? आमची शिरूरची घोडनदी भीमेला मिळते आणि पुढं नाव भीमेचंच चालतं. घोडनदी काही अर्ज करत नाही. जेन ऑस्टिनच्या १८११ सालच्या कादंबरीतसुद्धा हाच प्रकार आहे, असं इंग्रजी घेऊन बी. ए. करणाऱ्या आमच्या लेकीनं सांगितलं. ल्यूसी नावाची मुलगी एका लहान पोरीसाठी कागदी गुंडाळ्यांची टोपली करत असते आणि एलिनॉर तिला पट्ट्या वळून देते. तेही मदत म्हणून नव्हे, ल्यूसीशी खासगीत बोलायला मिळावं म्हणून. टोपली ल्यूसीचीच राहते. पण माझ्या लक्षात आलं की, या दोन्ही दाखल्यांत मी भीमा आणि ल्यूसी होतो. घोडनदीला काय वाटतं ते मी विचारलेलं नव्हतं. आणि पाचपन्नास पट्ट्यांसाठी मॅनेजरच्या केबिनमध्ये जाणारा मी, चार चाकांसाठी स्वयंपाकघरापर्यंत गेलो नव्हतो. पट्ट्यांच्या वेळी जाणार होता तो कागद. इथं जाणार होतं ते कौतुक. कागद सोडणं सोपं असतं.

संध्याकाळी पाहुणे गेले. सासरे चष्मा लावून फ्रेमसमोर बसले होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "जावईबापू, इंजिन चांगलंय. पण याचा धूर एकीकडं फिरतोय आणि मोठी चाकं दुसरीकडं."

मी गप्प.

"तुम्ही सही डाव्या हातानं करता ना?"

माझं तोंड पडलेलं पाहून ते हसले नाहीत. म्हणाले, "मी फायरमन होतो तेव्हा गाडी वेळेवर आली की लोक ड्रायव्हरला हात करायचे. चांगला माणूस होता तो. मला चहा पाजायचा, विडी द्यायचा. पण खाली वाकून कधी कुणाला सांगितलं नाही, की आत आणखी एक जण आहे म्हणून. मला विडीचं काही नव्हतं."

एवढं बोलून त्यांनी फ्रेम उलटी केली, मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं दोन रेघा मारल्या आणि एकीपुढं 'ड्रायव्हर', दुसरीपुढं 'फायरमन' असं लिहिलं. "भरा," म्हणाले.

मी स्वयंपाकघरात जाऊन मेहुणीला हाक मारली. चुलतसासऱ्यांनाही फोन लावला आणि चाकं कुणाची ते सांगितलं. ते म्हणाले, "मग तुम्ही काय केलं?" "धूर." "अच्छा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. तो 'अच्छा' मला अजून ऐकू येतो.

रेघा मात्र अजून रिकाम्याच आहेत. मेहुणी म्हणते ड्रायव्हर तुम्ही, कल्पना तुमची. मी म्हणतो ड्रायव्हर तू, गाडी चाकांवर चालते. बँकेत रक्कम कुणाची ते ठरत नसलं की ती सस्पेन्स खात्यात ठेवतात, तशी ती फ्रेम दौंडच्या हॉलमध्ये टी.व्ही.च्या वर लटकली आहे.

परवा वर्गाचं प्रमाणपत्र टपालानं आलं. चार वर्ग पूर्ण केल्याबद्दल, लाल शिक्का, खाली मेहुणीची सही. नाव सौभाग्यवतींचं. त्यांनी ते लॅमिनेट करून आणलं आहे.